कर्करोग बरा झाला, घास मात्र उतरत नाही: कोल्हापूरच्या डॉक्टरांना आणि आरोग्य यंत्रणेला खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यात तोंड, घसा आणि मानेच्या कर्करोगावर उपचार करणारे सर्व डॉक्टर,
रुग्णालयांचे व्यवस्थापन आणि जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

रेडिएशन किंवा ऑपरेशन संपवून घरी निघालेल्या प्रत्येक रुग्णाचं गिळणं नीट तपासलं जावं, आणि ज्याला गरज आहे त्याला श्वासाच्या स्नायूंचे व्यायाम कुणीतरी शिकवून, मोजून आणि पाठपुरावा करून द्यावेत, या मुख्य मागणीसाठी हे पत्र लिहितो आहे.

मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे, डॉक्टर नाही. माझ्या थोरल्या भावाच्या (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. सात आठवडे रेडिएशन, सोबत केमो. ज्या डॉक्टरांनी ते उपचार केले त्यांच्याविषयी आमच्या घरात कृतज्ञतेशिवाय दुसरी भावना नाही. गाठ गेली, ती परत आलेली नाही. माझं म्हणणं त्यापुढच्या काळाबद्दल आहे.

दर तपासणीला नाकातून दुर्बीण घालून घसा बघितला जायचा. 'जागा स्वच्छ आहे, काळजी करू नका' असं सांगितलं जायचं. वहिनी विचारायच्या, "पण डॉक्टर, ह्यांना गिळायला होत नाही." उत्तर ठरलेलं असायचं: होईल हळूहळू, पातळ खायला द्या. रुग्णालयाचं नाव मी घेत नाही, कारण हा अनुभव एका रुग्णालयाचा नाही. तपासणीच्या बाकावर शेजारी बसलेल्या नातेवाइकांशी बोलल्यावर प्रत्येकाकडून थोड्याफार फरकानं हेच ऐकलं.

आणि 'पातळ खायला द्या' हाच सल्ला कितीतरी रुग्णांना घातक ठरू शकतो. घट्टसर पिठल्यापेक्षा पाणी, चहा, आमटीचं पाणी हे घशातून फार वेगानं उतरतं. श्वासनलिकेचं तोंड वेळेत मिटलं नाही तर ते सरळ आत जातं. अण्णांना भाकरी दुधात कुस्करून कशीबशी जायची, पण चहाच्या दुसऱ्या घोटाला ठसका ठरलेला. ठसका लागला की आपल्याकडे काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. डोक्यावर थापट्या मारायच्या, 'वर बघा, वर बघा' म्हणायचं, आणि वरून पाणी पाजायचं. मान मागे टाकली की श्वासनलिकेचं रक्षण आणखी अवघड होतं, आणि ज्याला पाण्यानंच ठसका लागला त्याला पुन्हा पाणीच दिलं जातं. हे रुग्णाच्या घरच्यांना एका वाक्यात सांगता आलं असतं. कुणी सांगितलं नाही.

लग्नकार्याला जाणं अण्णांनी बंद केलं. पंगतीत बसून सगळ्यांच्या देखत खोकत राहायचं त्यांना जिवावर यायचं. पांढरा रस्सा वाटीभर समोर ठेवून नुसता वास घेणारा माणूस मी बघितला आहे. वजन उतरत गेलं. मग ताप येऊ लागला. छातीत कफ, न्यूमोनिया, सलाईन, अँटिबायोटिक, घरी. काही दिवसांनी पुन्हा तेच. प्रत्येक वेळी न्यूमोनियावर उपचार झाले. तो येतो कुठून, हे कुणी शोधलं नाही.

शोध लागला तो बाहेरगावच्या एका वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंकडे. स्पीच थेरपिस्ट म्हणजे तोतरं बोलणाऱ्या मुलांची टीचर असा आपला समज असतो. गिळण्याच्या त्रासावर उपचार हेही त्यांच्याच शास्त्राचं काम आहे. त्यांनी अण्णांचं गिळणं क्ष-किरणांच्या चलचित्रावर बघायला लावलं. क्ष-किरणांत दिसणारं बेरियम मिसळलेलं पाणी चमच्यानं दिलं आणि पडद्यावर आम्ही सगळ्यांनी ते काळं पाणी श्वासनलिकेत उतरताना पाहिलं. घरी चहाला ठसकणारे अण्णा इथे शांत बसलेले. खोकला नाही, ठसका नाही. बाई म्हणाल्या, "हे जास्त काळजीचं." रेडिएशननंतर घशाची जाणीव बोथट होते, त्यामुळे अन्न किंवा पाणी चुकीच्या वाटेनं गेलं तरी शरीर धोक्याची घंटा वाजवत नाही. ठसका लागत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालणारे सगळेच इथे फसतात.

मानेतल्या स्नायूंचं काय होतं तेही त्यांनीच समजावलं. हनुवटीखाली बोट ठेवून आवंढा गिळून बघा. कंठमणी वर आणि थोडा पुढे सरकतो. तो वर ओढणारे स्नायू हनुवटीच्या खाली असतात. कंठ वर गेला की कंठच्छद, म्हणजे श्वासनलिकेवरचं झाकण, झुकतो, स्वरतंतू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो आणि घास अन्ननलिकेत जातो. त्यानंतर बहुतेक वेळा आपण श्वास बाहेर सोडतो, म्हणजे काही कण राहिलेच तर ते बाहेरच्या दिशेला ढकलले जातात. रेडिएशननं हे स्नायू आणि आजूबाजूचे पेशीजाल हळूहळू कडक होतात. ही क्रिया उपचार संपल्यावर थांबत नाही. काहींचं गिळणं उपचारानंतर बऱ्याच वर्षांनीही बिघडतं. त्यात नाकात नळी टाकून महिनोन्महिने तोंडानं काही न खाल्लेला माणूस असेल, तर न वापरल्यानं ते स्नायू आणखी सुकतात.

आता व्यायामाविषयी. बाहेर श्वास सोडण्याच्या स्नायूंची ताकद वाढवणारं एक छोटं यंत्र असतं, मुठीत मावेल एवढं. एका टोकाला तोंडात धरायची नळी, आत स्प्रिंगनं दाबून धरलेली झडप. पुरेशा जोरानं फुंकलं तरच झडप उघडते आणि हवा बाहेर पडते. कमी पडलात तर काहीच होत नाही. स्प्रिंग किती घट्ट ठेवायची ते फिरवून ठरवता येतं. फुंकरीचा जोर पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये, म्हणजे तो किती उंच पाण्याचा स्तंभ पेलेल त्यावर, मोजतात. या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित यंत्राची कक्षा ३० ते १५० सेंटिमीटर आहे. आधी दाबमापकावर रुग्ण जास्तीत जास्त किती जोरानं फुंकू शकतो ते बघायचं आणि साधारण त्याच्या ७५ टक्क्यांवर यंत्र लावायचं. रोज पाच-पाच फुंकरांचे पाच फेरे, आठवड्यातून पाच दिवस, असं चार ते आठ आठवडे. ताकद वाढली की पुन्हा मोजायचं आणि स्प्रिंग पुढे न्यायची.

हे ऐकल्यावर माझ्यासारख्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. तालमीत पोराला पहिल्याच दिवशी कुणी खासबागच्या कुस्ती मैदानात उतरवत नाही, आणि वर्षभर त्याच हलक्या मुद्गलावरही ठेवत नाही. पेलेल पण कस लागेल एवढं वजन, आणि ते पेललं की पुढचं. श्वासाच्या स्नायूंनाही तोच नियम लागू आहे. यात फुंकताना नुसतं पोट आणि छाती काम करत नाही. जोरात फुंकताना हनुवटीखालचे, कंठ वर ओढणारे तेच स्नायू आणि टाळूही कामाला लागतात. शिवाय खोकल्यात जोर येतो. पाणी चुकून आत गेलंच तर ते झटक्यात बाहेर फेकायला खोकला दणकट लागतो. नुसतं घसा खाकरून ते होत नाही.

अण्णांची सकाळ सांगतो, म्हणजे हे किती साधं आणि किती खटपटीचं आहे ते कळेल. पाठ ताठ ठेवून लाकडी खुर्चीत बसायचं. नाकाला चिमटा. दोन्ही गालांवर तळहात घट्ट दाबायचे, नाहीतर जोर गालातच जातो आणि गाल फुगतात. भरपूर श्वास, नळीवर ओठ आवळून धरायचे, आणि एका दमात जोरात फुंकायचं. झडप उघडली की फस्स असा आवाज येतो. तो आला की त्या फुंकरीचं काम झालं. मग थांबायचं. पुढची फुंकर दम सावरल्यावरच. सुरुवातीला त्यांना चक्कर यायची म्हणून फेऱ्यांमध्ये बाईंनी जास्त विश्रांती ठरवून दिली. गालाचं ऑपरेशन झालेल्या एक मावशी तिथे यायच्या. मिश्री लावायची जुनी सवय, त्यातून गालाला गाठ. त्यांचे ओठ एका बाजूनं मिटतच नव्हते, हवा कोपऱ्यातून निसटायची. त्यांच्यासाठी बाईंनी मास्क लावून जुळवणी केली. आणखी एकाचं तोंडच उघडेना, दोन बोटंही आत जात नव्हती, तर नळी धरणार कशी? त्याचा जबडा सैल करण्याचे व्यायाम आधी सुरू झाले. आपल्या भागात मावा, गुटखा, तंबाखू-चुना यांमुळे तोंड आवळलेली माणसं किती आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी असली तरी.

म्हणून सांगतो, यंत्र विकत आणून हातात दिलं की झालं, असं हे काम नाही. ते कुणालाही देऊ नये. रक्तदाब आटोक्यात नसेल, हर्निया असेल, नुकतंच पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन झालं असेल, फुप्फुसाभोवती हवा साचण्याचा त्रास झाला असेल, अलीकडेच पक्षाघात झाला असेल किंवा ॲसिडिटी उलटून वर येण्याचा त्रास जोरात असेल तर डॉक्टरांनी बघून ठरवल्याशिवाय सुरू करायचं नाही. मानेचे टाके ओले असताना तर नाहीच. ज्यांचा स्वरयंत्राचा भाग पूर्ण काढला आहे त्यांचा श्वासाचा मार्गच वेगळा झालेला असतो, त्यांचं पुनर्वसन वेगळं. मानेला श्वासासाठी छिद्र ठेवलेल्यांनीही घरच्या घरी प्रयोग करू नयेत.

आणखी एक गोष्ट, कारण यात सगळ्यात जास्त गोंधळ बघितला. ऑपरेशननंतर प्रत्येकाला तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र दिलं जातं. ते श्वास आत ओढण्यासाठी असतं, फुप्फुसं नीट फुलावीत म्हणून. त्याचं काम चांगलं आहे, पण ते हे नाही. काही जण ते उलटं धरून फुंकायला लावतात. गोळ्या उचलायला लागणारा जोर आणि झडप उघडायला लागणारा जोर यांची तुलनाच होत नाही. कफ सुटण्यासाठी जी फुंकण्याची यंत्रं मिळतात त्यांचाही दाब बराच कमी असतो. फुगे फुगवणं, शंख फुंकणं यांत किती जोर लागला हे मोजता येत नाही, म्हणून वाढवत नेता येत नाही. घरात तीन गोळ्यांचं यंत्र आहे म्हणून 'आम्ही फुंकण्याचे व्यायाम करतो' असं समजून बसलेली कुटुंबं मला भेटली. त्यांचा काही दोष नाही. त्यांना फरक सांगायचं काम कुणाचं होतं?

तुम्ही पुरावा विचाराल, आणि विचारायलाच हवा. हे व्यायाम आधी पार्किन्सनच्या रुग्णांत तपासले गेले. २०१० मध्ये अमेरिकेत ६० रुग्णांवर चार आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली, तीत व्यायाम करणाऱ्या गटाचं गिळणं अधिक सुरक्षित झालं. कर्करोगाच्या बाबतीत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरनं २०१८ मध्ये ६४ रुग्णांचा आढावा मांडला. रेडिएशननंतर ज्यांचं अन्नपाणी श्वासनलिकेत जात होतं असे हे सगळे. त्यांतल्या बहुतेकांचा फुंकण्याचा जोर अपेक्षेपेक्षा कमी होता. ज्यांनी आठ आठवडे व्यायाम केला त्यांचा जोर सरासरी निम्म्याहून अधिक वाढला आणि गिळण्याची सुरक्षितता सुधारली. तो तुलनागट असलेला अभ्यास नव्हता, हेही सांगायला हवं. या विषयावरचे बहुतेक अभ्यास लहान आहेत. घशात घास अडकून राहण्याच्या तक्रारीवर याचा फार उपयोग होईल असं समजू नये, आणि व्यायाम सोडला तर कमावलेली ताकद हळूहळू ओसरते. म्हणजे हा चमत्कार नाही. पण रुग्णाला घरबसल्या करता येणारा, मोजता येणारा, औषधाशिवायचा असा उपाय हातात असताना त्याचं नावही रुग्णाच्या कानावर पडू नये, हे मला पटत नाही.

अण्णांचं विचाराल तर खोकल्यात जोर आला. न्यूमोनियासाठी भरती व्हायची वेळ अलीकडे आलेली नाही. चहा ते अजूनही चमच्यानं, हनुवटी किंचित खाली घेऊन पितात, आणि बाईंनी सांगितलेले गिळण्याचे इतर व्यायामही चालू आहेत. एकट्या फुंकरीनं झालं असं मी म्हणणार नाही.

आता मागण्या. पहिली आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची: प्रत्येक रुग्णालयात गिळण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असावी. सर्जन म्हणतात रेडिएशनवाल्यांना विचारा, ते म्हणतात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, तिथून आहारतज्ज्ञांकडे, आणि आहारतज्ज्ञ प्रोटीन पावडरचा डबा लिहून देतात. या फेऱ्यांत रुग्णाचा जीव मेटाकुटीला येतो. वाचा-उपचारतज्ज्ञ नेमा, पूर्णवेळ परवडत नसेल तर आठवड्यातले ठरावीक दिवस बोलवा. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात आहे, राज्यात इतर ठिकाणीही हे शिक्षण मिळतं. शिकलेली माणसं आहेत, त्यांना आपल्याकडे कामाची जागा हवी.

रेडिएशन सुरू होण्याआधीच रुग्णाची त्यांच्याशी गाठ घालून द्या. तेव्हा तोंड उघडतंय, गिळता येतंय; नंतर कुठे पोहोचायचं आहे ते तेव्हाच मोजून ठेवता येईल. उपचार चालू असताना जमेल तेवढं तोंडानं खात राहणं आणि गिळण्याचे व्यायाम न सोडणं याचं महत्त्वही तेव्हाच कानावर घातलं पाहिजे, कारण नंतर तोंड आलेलं असताना कुणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं.

पुढच्या प्रत्येक तपासणीत, घशात दुर्बीण घालाल तेव्हा, दोन मिनिटं जास्त द्या. तोंडात तीन बोटं उभी जातात का, वजन किती, जेवायला किती वेळ लागतो, घोटानंतर आवाज ओला, घरघरीत होतो का, मधूनच ताप येऊन जातो का. याला यंत्र लागत नाही. यांतलं काही खटकलं तर पुढची तपासणी, म्हणजे चलचित्र किंवा दुर्बिणीतून गिळताना बघणं.

आरोग्य यंत्रणेला विनंती: जिल्ह्यात निदान एका सरकारी ठिकाणी, सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात किंवा शेंडा पार्कच्या परिसरात, तुम्हाला सोयीचं असेल तिथे, दाबमापक, गिळण्याची तपासणी आणि ही यंत्रं असलेलं एक छोटं केंद्र उभं करा. प्रत्येक रुग्णाला स्वतःचं यंत्र हवं, एकाचं दुसऱ्याला देऊन चालत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे ऑपरेशन आणि रेडिएशन होतात. त्याच पॅकेजमध्ये गिळण्याची तपासणी आणि पुनर्वसन स्पष्ट शब्दांत लिहिलं जावं यासाठी जिल्ह्यातून प्रस्ताव पाठवा. चंदगडचा रुग्ण दर आठवड्याला शंभरावर किलोमीटर येणार नाही, ऊसतोडीच्या हंगामात तर नाहीच. त्याच्यासाठी पहिली शिकवणी केंद्रात आणि मधला पाठपुरावा तालुक्याच्या रुग्णालयातून व्हिडिओ कॉलवर, सरकारच्या ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेची सोय त्याच कामासाठी आहे. आशाताईंना ओला आवाज आणि वारंवार येणारा ताप ओळखायला शिकवलं तर कितीतरी जण न्यूमोनियाआधी सापडतील.

आणि सुटीच्या कागदासोबत मराठीत एक पान द्या. मोठ्या अक्षरात. ठसका लागला तर काय करायचं, काय नाही. मान वर करायची नाही. खाताना बोलायचं नाही. जेवणानंतर लगेच आडवं व्हायचं नाही. तोंड आणि दात स्वच्छ ठेवायचे, कारण तोंडातले जंतूच लाळेबरोबर छातीत जातात. आणि त्रास वाटला तर कुणाला फोन करायचा, त्या माणसाचं पद आणि नंबर. हे पान छापायला निधीची वाट बघायची गरज नाही. मजकूर तज्ज्ञांनी तपासून दिला तर छपाईचा खर्च मी आणि माझे काही जुने विद्यार्थी करू, तसं आम्ही आपसांत बोललो आहोत.

यांतलं काय करता येईल, काय नाही आणि का नाही, हे आपण जाहीरपणे कळवावं. रुग्णांच्या नातेवाइकांसोबत बैठक घ्यायची तयारी असेल तर वेळ आणि जागा सांगा. अण्णाही येतील, आणि त्या मावशीही यायला तयार आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एका रुग्णाचा धाकटा भाऊ, निवृत्त क्रीडाशिक्षक
कोल्हापूर